शंभराच्या टोकावरची गर्दी

२०२१च्या जुलैअखेरीस सीबीएसईचा बारावीचा निकाल लागला. ९५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळवणारी मुलं होती ७०,००४. त्या वर्षी दिल्ली विद्यापीठाच्या साठेक कॉलेजांत पदवीच्या पहिल्या वर्षाला सगळ्या मिळून जागा होत्या सुमारे ७० हजार. म्हणजे एका बोर्डाच्या, एका वर्षाच्या, फक्त ९५च्या वरच्या मुलांनी मनात आणलं असतं, तर अख्खं दिल्ली विद्यापीठ त्यांनीच भरून टाकलं असतं. श्रीराम कॉलेजातल्या बी.कॉम. ऑनर्सपासून कुठल्याशा लहान कॉलेजातल्या संस्कृतच्या वर्गापर्यंत, खुल्या जागा आणि राखीव जागा, सगळ्या. ९४.८ टक्केवाल्या मुलीला दारात उभं राहायलाही जागा उरली नसती. आणि आपल्या देशात सीबीएसई हे एकच बोर्ड नाही. जवळजवळ प्रत्येक राज्याचं स्वतःचं आहे.

ही सत्तर हजार मुलं प्रत्येकी अर्धा मीटर जागा धरून एकामागे एक उभी केली, तर रांग पस्तीस किलोमीटरची होते. पहिलं मूल मुंबईत सीएसएमटीच्या फलाटावर उभं केलं, तर शेवटचं ठाण्याच्या स्टेशनाशी पोचतं.

आता ही रांग गुणांच्या पट्टीवर बसवून पाहा. पाच विषयांच्या ५०० गुणांपैकी ९५ टक्के म्हणजे ४७५. ४७५पासून ५००पर्यंत पायऱ्या किती? सव्वीस. सत्तर हजार मुलं आणि सव्वीस पायऱ्या. सरासरी काढली तर एका पायरीवर जवळजवळ २,७०० मुलं येतात. खालच्या पायऱ्यांवर दाटी जास्त आणि वर कमी, हे खरं. पण अंदाज यायला सरासरी पुरते. भूगोलाच्या पेपरात नकाशावरची नदी जरा पूर्वेला सरकली, एक गुण गेला, की सत्तावीसशे मुलं पुढे निघून गेली. त्या एका गुणात त्यांना जास्त काय येत होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

चारच वर्षं मागे गेलं तर चित्र अगदी वेगळं दिसतं. २०१७ साली सीबीएसईत ९५च्या वर मुलं होती १०,०९१. २०१८ला १२,७३७, २०१९ला १७,६९३, २०२०ला ३८,६८६ आणि २०२१ला ७०,००४. परीक्षेला बसणाऱ्या मुलांची संख्या या काळात सव्वापट-दीडपटीच्या आतच वाढली. टोकावरची गर्दी मात्र सातपट झाली. शेवटची दोन वर्षं कोविडची. २०२०मध्ये काही पेपर झालेच नाहीत. २०२१मध्ये तर परीक्षाच झाली नाही, दहावी, अकरावी आणि बारावीच्या गुणांचं ३०:३०:४० असं सूत्र लावून निकाल तयार केला गेला. पण कोविडच्या आधीच्या दोन वर्षांतही आकडा पाऊणपटीने फुगला होता, हे विसरता येत नाही.

एवढ्या गर्दीतून निवड करायची कशी? दिल्ली विद्यापीठाकडे तेव्हा एकच उत्तर होतं: कटऑफ. त्या कटऑफचा एक नियम बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो, आणि सगळं त्या नियमात दडलेलं होतं. कॉलेजाने एकदा कटऑफ जाहीर केला, की तेवढे गुण असलेल्या आणि ठरल्या दिवसांत आलेल्या प्रत्येक मुलाला प्रवेश द्यावाच लागायचा. जागा वीस असोत की दोनशे. पाचशे मुलं आली तर पाचशे घ्यायची. कटऑफ ठरवणाऱ्या प्राचार्यांना किती मुलं येतील ते आधी कळायचं नाही. अंदाज चुकला की वर्गात मुलं बसवायला बाकं कमी पडायची. त्यामुळे कटऑफमध्ये गुणवत्तेपेक्षा त्या अनिश्चिततेची भीती जास्त असायची. पहिल्या यादीत आकडा मुद्दाम उंच ठेवायचा, किती मुलं येतात ते पाहायचं, मग दुसऱ्या-तिसऱ्या यादीत हळूहळू खाली यायचं.

गुण मोजायचे ते सर्वोत्तम चार विषयांचे, एक भाषा आणि तीन इतर. ४००पैकी एक गुण म्हणजे पाव टक्का. म्हणून यादीत ९८.५, ९८.७५, ९९.२५ असे पावापावाचे आकडे दिसायचे. ९९ आणि १०० यांच्यामध्ये दोन्ही टोकं धरून फक्त पाच आकडे बसतात: ३९६, ३९७, ३९८, ३९९, ४००. पाच खणांच्या कपाटात हजारो मुलं लावायची होती.

२०११ साली श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने बी.कॉम. ऑनर्ससाठी, बारावीला वाणिज्य न घेतलेल्या मुलांकरता, पहिला कटऑफ १०० टक्के लावला. देशभर खळबळ उडाली. तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनीही उघड नाराजी व्यक्त केली. तेव्हा लोकांना वाटलं, हा अपवाद आहे. २०२०मध्ये लेडी श्रीराम कॉलेजने अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र या तिन्ही विषयांसाठी १०० टक्के मागितले. २०२१च्या पहिल्या यादीत तर शंभराचा कटऑफ लावणाऱ्या कॉलेजांची रांगच लागली: हिंदू कॉलेजात राज्यशास्त्र, हंसराजमध्ये संगणकशास्त्र, श्रीराममध्ये अर्थशास्त्र आणि बी.कॉम. ऑनर्स, जीझस अँड मेरीत मानसशास्त्र. आणि शंभर लावूनही गर्दी थोपली नाही. हिंदू कॉलेजात राज्यशास्त्राला पैकीच्या पैकी गुण घेऊन आलेली मुलं खुल्या जागांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. नियमाप्रमाणे त्या सगळ्यांना घ्यावं लागलं. त्यांतली बरीचशी केरळच्या राज्य बोर्डाची होती.

इथे जे घडलं ते लाजिरवाणं आहे, आणि ते लिहिलं पाहिजे. विद्यापीठातल्याच एका प्राध्यापकाने या केरळी मुलांच्या गुणांना जिहादचं नाव दिलं. देशभर वाद पेटला. सतरा-अठरा वर्षांची पोरं, आपल्या बोर्डाने दिलेली गुणपत्रिका घेऊन दोन-अडीच हजार किलोमीटरवरून आलेली. त्यांचा दोष काय? पट्टी वर संपली होती, आणि पट्टी संपली की माणसं मुलाऐवजी त्याचं गाव आणि त्याचा धर्म पाहू लागतात. माझं सगळं म्हणणं या एका घटनेत आलं आहे. टोकावर गुण निकामी झाले म्हणून निवड थांबत नाही. ती दुसऱ्या कशाच्या तरी हाती जाते, आणि ते दुसरं काय आहे हे मुलांना कुणी आधी सांगत नाही.

बरं, पट्टी तरी सरळ आहे का? २०१३मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने आयसीएसई आणि आयएससीचे लाखाहून अधिक मुलांचे निकाल वेबसाइटवरून गोळा करून त्यांचा आलेख काढला. आलेख करवतीच्या दात्यांसारखा निघाला. ३५ ते १०० या ६६ आकड्यांपैकी ३३ आकडे असे होते, की ते गुण कुठल्याच विषयात कुठल्याच मुलाला मिळालेले नव्हते. ८१ नाही, ८२ नाही, ८४, ८५, ८७, ८९, ९१, ९३ नाही. लाखभर मुलांनी अनेक विषयांचे पेपर लिहिले आणि एकालाही ८५ मिळू नयेत, हे नुसत्या योगायोगाने होत नाही. निकाल लावताना मंडळं गुणांत जी वरखाली जुळवाजुळव करतात, तिचा हा ठसा होता. या परीक्षा घेणाऱ्या मंडळाने गैरप्रकार झाल्याचं नाकारलं. २०१७मध्ये सीबीएसईने ही जुळवाजुळव, म्हणजे मॉडरेशन, बंद करायचं ठरवलं, तेव्हा परीक्षा होऊन गेल्यावर नियम बदलता येणार नाही असं सांगून दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती ती पुन्हा चालू ठेवायला लावली. न्यायालयाचं बरोबरच होतं. पण त्यातून हेही दिसलं, की गुणपत्रिकेवरचा आकडा मुलाने लिहिलेल्या उत्तरांइतकाच मंडळाच्या धोरणाने ठरतो.

आपल्या महाराष्ट्रात याचा पुरावा इतका स्वच्छ मिळतो, की तो शाळेत शिकवावा. दहावीला १०० टक्के मिळवणाऱ्या मुलांची संख्या वर्षावर्षाने पाहा. २०१८: १२५. २०१९: २०. २०२०: २४२. २०२१: ९५७. २०२२: १२२.

२०१८ची मुलं हुशार, २०१९ची मंद आणि २०२१ची अलौकिक, असं कुणी म्हणणार नाही. २०१९ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांमधले शाळेच्या हातातले २० अंतर्गत गुण काढून टाकले आणि त्या विषयांचे सगळे गुण लेखी परीक्षेवर ठेवले. निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ९० टक्क्यांच्या वरची मुलं ६३,३३१वरून २८,५१६वर आली, म्हणजे निम्म्याहून कमी. पालक हवालदिल झाले, कारण अकरावीच्या त्याच रांगेत सीबीएसई आणि आयसीएसईची मुलं आपापले अंतर्गत गुण घेऊन उभी होती. पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले, आणि ९०च्या वरची मुलं झाली ८३,२६२. त्यानंतरच्या वर्षी परीक्षाच झाली नाही, नववीचे आणि शाळेतले गुण मिळून निकाल लागला: उत्तीर्ण ९९.९५ टक्के, नव्वदीच्या वर १,०४,६३३. दोन वर्षांत साधारण पावणेचारपट. मुलं तशीच, शिक्षक तेच, पुस्तकंही जवळपास तीच. बदलले ते सरकारी आदेश.

२०१९च्या त्या मुलांचं मला अजून वाईट वाटतं. आधीच्या आणि नंतरच्या वर्षीच्या मुलांइतकाच अभ्यास करून त्यांच्या गुणपत्रिकेवर जन्मभर काही टक्के कमी राहिले. ती गुणपत्रिका पाहणाऱ्या कुणाला ते २० गुण काढल्याचा आदेश आठवणार आहे?

शंभर टक्के येतात तरी कसे, हा प्रश्न घराघरात विचारला जातो. मराठीच्या निबंधाला पैकीच्या पैकी? उत्तर असं, की सहापैकी उत्तम पाच विषय धरले जातात आणि त्यात खेळाचे, चित्रकलेच्या परीक्षांचे, शास्त्रीय गायन-नृत्याचे, लोककलेचे सवलतीचे गुण मिळवले जातात. मुलं गातात, नाचतात, मैदानावर उतरतात, याचा मला आनंदच आहे. पण ४८५ आणि ५०० यांमधलं अंतर कधी तबल्याने भरून निघतं, कधी कबड्डीने, आणि ज्या शाळेत तबल्याचा वर्गच नाही तिथल्या मुलाला ते भरता येत नाही. आणखी एक आकडा पाहा. २०२५ला राज्यात शंभर टक्केवाले २११ होते, त्यांतले ११३ एकट्या लातूर विभागातले. २०२४ला १८७पैकी १२३. राज्यात विभाग नऊ. लातूर, नांदेड आणि धाराशिवमधल्या शिक्षकांनी आणि मुलांनी गेल्या काही दशकांत अभ्यासाची जी शिस्त उभी केली तिला मी मनापासून मानतो. एकेकाळी ज्या भागाला मागास म्हणून हिणवलं, त्याने हे करून दाखवलं. पण नऊ विभागांतला एक विभाग शंभर टक्केवाल्यांतली निम्म्याहून जास्त मुलं देतो, तेव्हा त्या आकड्यात मुलांची बुद्धी, शिक्षकांची मेहनत आणि परीक्षेच्या तंत्राची जाण हे सगळं एकत्र मिसळलेलं असतं. नुसता १०० पाहून ते वेगळं करता येत नाही.

बोर्डाबोर्डांमधली असमान पट्टी सरळ करायचे प्रयत्नही झाले. अकरावीच्या प्रवेशासाठी २००८ला राज्य सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं. मुंबई उच्च न्यायालयात ते टिकलं नाही. २००९ला नव्वद टक्के जागा राज्य बोर्डाच्या मुलांसाठी राखून ठेवल्या. तेही टिकलं नाही. २०१०ला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’, म्हणजे उत्तम पाच विषय धरण्याचं सूत्र, आणलं. उच्च न्यायालयाने तेही रद्द केलं, पण जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. त्या तीन उन्हाळ्यांत हजारो घरांनी प्रवेशाच्या तारखांची वाट पाहत कोर्टाच्या बातम्या वाचल्या. देशपातळीवर २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन दिलं होतं, प्रत्येक बोर्डाचे गुण पर्सेंटाइलच्या एका पट्टीवर आणून. २०१७पासून तेही सोडून दिलं.

आणि या सगळ्या ओढाताणीत एक आकडा कुणी मोठ्याने सांगत नाही. २०२५ला महाराष्ट्रात दहावी उत्तीर्ण झालेली मुलं साडेचौदा लाखांच्या आसपास. राज्यातल्या अकरावीच्या जागा सुमारे २१ लाख. म्हणजे एक उत्तीर्ण मूलही बाहेर राहायचं कारण नाही. लाखो बाकं रिकामी राहतात. तरीही जूनमध्ये घराघरात जीव टांगणीला लागतो तो मुंबई-पुण्यातल्या चाळीस-पन्नास नावांसाठी. टंचाई जागांची नाहीच. चांगली म्हणून आपण ज्यांच्यावर विश्वास ठेवतो त्या कॉलेजांची आहे, आणि ती नावं माझ्या पिढीने ऐकली तीच आजही आहेत. एका पिढीत विश्वासाचं दुसरं शंभर कॉलेजांचं जाळं आपण उभं करू शकलो नाही, हे मला शंभर टक्केवाल्यांच्या संख्येपेक्षा जास्त खुपतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. हार्वर्ड विद्यापीठावर प्रवेशाच्या पद्धतीवरून खटला चालला तेव्हा आतले आकडे न्यायालयात उघड झाले. २०१५ साली दाखल झालेल्या तुकडीसाठी अमेरिकेतूनच सुमारे २६ हजार मुलांनी अर्ज केले होते. त्यांतल्या ८ हजारांहून अधिक मुलांचे शाळेतले गुण पैकीच्या पैकी होते. सॅट परीक्षेत गणितात पूर्ण गुण असलेली मुलं सुमारे ३,४००, इंग्रजीत सुमारे २,७००. वर्गात जागा साधारण १,६००. दुसरं काहीही न पाहता नुसते पूर्ण गुणवाले घेतले असते, तरी त्यांच्यातल्या पाचांपैकी चौघांना परत पाठवावं लागलं असतं. हार्वर्ड मुलाच्या अभ्यासाला १ ते ६ अशी श्रेणी देतं, १ सर्वांत वरची. १ मिळवणारी मुलं शेकड्याला एकसुद्धा नसतात. २ मिळवणारी चाळीस टक्क्यांहून जास्त. म्हणजे गुणांच्या बळावर दारापर्यंत दहा हजारांवर मुलं पोचतात.

मग आत कोण जातं? खटल्यात आलेल्या माहितीनुसार, खेळाच्या संघासाठी प्रशिक्षकांनी निवडलेल्या अर्जदारांना ८६ टक्के प्रवेश मिळाला. आईवडील हार्वर्डचेच असलेल्यांना सुमारे ३४ टक्के. सर्वसाधारण अर्जदाराला शेकड्यात सहाच्या आसपास. २०२३मध्ये अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की सॅटचे गुण सारखेच असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांची अशा बड्या कॉलेजांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त असते. गुण निकामी झाले की निवड कुणाच्या हाती जाते, याचं हे अमेरिकी उत्तर. म्हणूनच ‘गुणांना काय अर्थ आहे’ असं सहज म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. गुणांच्या पट्टीत हजार दोष असतील, पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरीला रात्री जागून ते मिळवता येतात. वंशपरंपरा किंवा नौकानयनाचा क्लब तिला मिळवता येत नाही.

टेक्सास राज्याने १९९७मध्ये वेगळाच रस्ता धरला. प्रत्येक शाळेतल्या पहिल्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. शाळा शहरातली असो की सीमेवरच्या गावातली, तुलना आपल्याच वर्गमित्रांशी. ऑस्टिनचं विद्यापीठ इतक्या मुलांनी भरलं, की त्याच्यासाठी पुढे ही मर्यादा आठ, सात, सहा अशी खाली आणावी लागली आणि आता ती पाचावर आली आहे. संशोधकांना असंही आढळलं, की काही मुलं मुद्दाम कमी स्पर्धेच्या शाळेत नाव घालू लागली. तरी मला या पद्धतीत एक मोठा प्रामाणिकपणा दिसतो: ती मुलाला त्याला मिळालेल्या परिस्थितीत मोजते. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतली पहिली मुलगी आणि पुण्याच्या मध्यवस्तीतल्या शाळेतला चाळिसावा मुलगा यांच्यात जास्त अंतर कुणी कापलं, हे टक्केवारी सांगत नाही.

२०२२पासून दिल्ली विद्यापीठाने कटऑफ सोडला आणि केंद्रीय विद्यापीठांची सामायिक परीक्षा, सीयूईटी, धरली. पहिल्याच वर्षी जवळजवळ १५ लाख मुलांनी नाव नोंदवलं. बोर्डांची असमान पट्टी बाजूला पडली, हे चांगलंच झालं. पण टोकावरची गर्दी गेली का? त्या वर्षी एकट्या इंग्रजीत १०० पर्सेंटाइल मिळवणारी मुलं होती ८,२३६. पुढच्या वर्षी ५,६८५. गुण बरोबरीचे झाले तर कुणाला घ्यायचं, यासाठी विद्यापीठाने नियम केले: आधी बारावीचे उत्तम तीन विषय, मग उत्तम चार, मग उत्तम पाच. तेही सारखे निघाले तर जन्मतारीख. जो वयाने मोठा त्याला आधी. बोर्डाच्या गुणांपासून सुटका करून घ्यायला परीक्षा आणली, आणि टोकावर पुन्हा बोर्डाचेच गुण विचारावे लागले, त्याच्याही पलीकडे जाऊन जन्माचा दाखला.

नेदरलँड्समध्ये हा प्रश्न उघड्यावर सोडवला गेला. तिथे सत्तरच्या दशकापासून वैद्यकीय शिक्षणाच्या जागा सोडत काढून दिल्या जात. ज्याचे गुण जास्त त्याची शक्यता जास्त, पण शेवट नशिबावर. १९९६मध्ये दहापैकी ९.६ सरासरी असलेल्या एका मुलीचा नंबर तिसऱ्यांदाही लागला नाही, आणि देशभर संताप उसळला. मग ज्यांची सरासरी आठ किंवा त्याहून जास्त त्यांना थेट प्रवेश मिळू लागला. २०१७मध्ये सोडत पूर्ण बंद करून कॉलेजांना स्वतःच्या निवडपद्धती ठरवायला सांगितलं. काही वर्षांत दिसलं, की या निवडीत सुस्थितीतल्या, मार्गदर्शन विकत घेऊ शकणाऱ्या घरांतल्या मुलांना झुकतं माप मिळतं. २०२३पासून सोडतीची मुभा परत दिली गेली.

सोडत म्हटली की आपल्याकडे म्हाडाची घरं आठवतात, आणि शिक्षणाच्या बाबतीत हा शब्द ऐकूनच लोक दचकतात. मी तिच्या बाजूचा आहे. ३९६ आणि ४०० यांच्यात जे अंतर आहे ते मोजमापाच्या चुकीएवढं आहे. फेरतपासणीला दिलेल्या उत्तरपत्रिकेत याहून मोठे फरक निघतात. जिथे मोजपट्टी खरंच काही सांगत नाही, तिथे सगळ्यांसमोर चिठ्ठी काढली तर ९९ टक्केवाल्या मुलीला निदान खरं काय ते कळेल: तू कमी पडली नाहीस, चिठ्ठी दुसऱ्याची निघाली. आज तिला घरी येऊन सांगावं लागतं की पाव टक्का कमी पडला, आणि त्या पाव टक्क्याचा दोष ती पुढची कित्येक वर्षं स्वतःकडे घेते.

सोडतीला कुणी लवकर तयार होणार नाही, हे मला कळतं. पण एक गोष्ट यंदाच्या निकालापासूनच करता येईल. सीबीएसई विषयवार ए-वन श्रेणी देते ती उत्तीर्ण झालेल्यांतल्या वरच्या आठव्या हिश्शाला. म्हणजे मूल कितव्या ठिकाणी आहे याचा हिशेब मंडळ आतल्या आत मांडतंच. तोच हिशेब पूर्ण छापावा. ५०० गुणांच्या प्रत्येक पायरीवर किती मुलं आहेत, त्यांतल्या किती जणांना सवलतीचे गुण मिळाले आणि किती अंतर्गत, किती लेखी. आपल्या राज्य मंडळाने तो विभागवार द्यावा. ४८७वर आपल्यासारखीच आणखी दोन-तीन हजार मुलं उभी आहेत, हे त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना निकालाच्या दिवशीच दिसायला हवं. मंडळांच्या संगणकात या तक्त्याचे सगळे आकडे निकाल लागण्याआधीच असतात, आणि तक्ता छापायला एक पान पुरतं.